शंभर मण्यांची माळ : पंडित नैनसिंग रावत (वाचनपाठ, इयत्ता सहावी ते आठवी)



वर्गात मुलांचं प्रकट वाचन ऐकताना एक गोष्ट बरेच दिवस माझ्या लक्षात येत होती. मजकुरात आकडा आला की मुलं अडखळतात, तो कसाबसा उच्चारतात आणि पुढे पळतात. नंतर किती मैल, किती वर्षं, किती पावलं असं विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. गोष्ट लक्षात राहते, आकडा गळून जातो. म्हणून मी असा मजकूर शोधत होते, ज्यातला आकडा गाळला तर गोष्टच उरणार नाही. तो मला नैनसिंग रावत यांच्या आयुष्यात सापडला. हिमालयापलीकडच्या बंद मुलखात पायी जाऊन, पावलं मोजून ज्यांनी नकाशा घडवला, ते हे नैनसिंग. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे ते गावातल्या शाळेचे मास्तर होते.

खालचा मजकूर मी मुलांना भाग पाडून वाचायला देते. साधारण तीन तासिका लागतात. भिंतीवर आशियाचा प्राकृतिक नकाशा लावावा, म्हणजे गावाचं नाव आलं की एका मुलाने उठून बोट ठेवायचं. प्रत्येक भागानंतर एक 'थांबा' दिला आहे. तिथे पुस्तक मिटायचं आणि बोलायचं.

मिलमचे मास्तर

आजच्या उत्तराखंडातल्या पिथौरागढ जिल्ह्यात जोहार नावाचं खोरं आहे. त्यातून गोरी नदी वाहते. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, हिमनदीच्या पायथ्याशी, मिलम हे गाव आहे. तिथले लोक शौका समाजाचे. उन्हाळ्यात वरच्या गावात राहायचं, बर्फ पडायच्या आत खाली उतरायचं आणि मधल्या दिवसांत उंच घाट ओलांडून तिबेटात व्यापार करायचा, असा त्यांचा वर्षाचा क्रम. इकडून धान्य न्यायचं, तिकडून मीठ, लोकर आणि टाकणखार आणायचा. ओझी वाहायला शेळ्यामेंढ्या.

या समाजात १८३० साली नैनसिंग यांचा जन्म झाला. वडिलांचं नाव अमरसिंग. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षणही फार झालं नाही. पण वडिलांबरोबर तिबेटातल्या बाजारांत जाणं-येणं सुरू झालं आणि तिबेटी भाषा कानांवर पडून पडून येऊ लागली. तिथले लोक नमस्कार कसा करतात, काय खातात, सौदा कसा ठरवतात, हे सगळं पुस्तकाविना शिकून झालं.

१८५५ ते १८५७ या काळात श्लागिंटवाइट नावाचे जर्मन संशोधक बंधू हिमालयात फिरत होते. त्यांनी नैनसिंग यांना सोबत घेतलं. मानसरोवर, राक्षसताल आणि पुढे लडाखपर्यंतचा प्रवास या निमित्ताने घडला. मोजमापाची उपकरणं जवळून बघायला मिळाली ती तेव्हाच. परत आल्यावर १८५८ मध्ये ते शिक्षण खात्यात लागले आणि १८६३ पर्यंत मिलमच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होते.

थांबा १ (अंदाज बांधणे) : व्यापाऱ्याच्या घरातला माणूस, तिबेटी बोलतो, डोंगर चढायची सवय आहे, लिहितो-वाचतो, हिशेब जाणतो. अशा माणसाला पुढे कोणत्या कामासाठी बोलावलं जाईल? मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून ठेवा, पुसू नका.

नकाशावरची कोरी जागा

इंग्रजांनी १८०२ मध्ये मद्रासजवळून हिंदुस्थानची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू केली होती. त्रिकोणांची साखळी जोडत जोडत ती हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. ज्या शिखराला पुढे एव्हरेस्ट म्हटलं गेलं, त्याची उंचीही लांबून घेतलेल्या मापांवरूनच काढली गेली. पण शिखरांच्या पलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं. तिबेटात युरोपीय माणसाला प्रवेश नव्हता. ल्हासा शहर सगळ्यांनी ऐकलेलं, पण नकाशावर ते नेमकं कुठे मांडायचं आणि किती उंचीवर, हे कोणी मोजलेलं नव्हतं. तिबेटातून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो नावाची मोठी नदी पुढे कुठे जाते, याचेही तर्कच चालले होते.

इथे मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. ही मोजणी केवळ ज्ञानासाठी नव्हती. मध्य आशियात रशियाचं राज्य पसरत होतं आणि इंग्रजांना आपल्या सरहद्दीपलीकडचे रस्ते, घाट, नद्या माहीत करून घ्यायच्या होत्या. तिबेटच्या लोकांनी दार बंद ठेवलं होतं, त्यालाही त्यांची कारणं होती. नकाशा हातात आला की मागून सैन्य येऊ शकतं, ही भीती खोटी नव्हती.

मोजणी खात्यातले कॅप्टन माँटगोमेरी यांनी वेगळा विचार केला. गोऱ्या माणसाला आत जाता येत नाही, पण पहाडातले व्यापारी आणि यात्रेकरू तर ये-जा करतातच. मग त्यांच्यातल्याच कोणाला मोजणी शिकवली तर? १८६३ मध्ये नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग यांना देहरादूनला बोलावून घेतलं. मास्तर पुन्हा विद्यार्थी झाले.

मास्तरांची शाळा

देहरादूनचं शिक्षण जवळपास दोन वर्षं चाललं. पहिला धडा होता चालण्याचा. चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे. साधारण ८० सेंटिमीटरचं एक पाऊल. अशा २००० पावलांचा एक मैल.

पावलं मोजायची, पण लोकांना कळता कामा नये. त्यासाठी जपमाळ होती. बौद्ध जपमाळेत १०८ मणी असतात. नैनसिंग यांच्या माळेत १०० मणी ठेवले होते. दर १०० पावलांना एक मणी सरकवायचा. माळेचा एक फेरा झाला की १०,००० पावलं, म्हणजे ५ मैल. बघणाऱ्याला वाटावं, बाबा जप करतोय.

नोंदी ठेवायला प्रार्थनाचक्र होतं. हातात धरून फिरवायच्या या चक्राच्या पोटात एरवी मंत्र लिहिलेली कागदाची गुंडाळी असते. नैनसिंग यांच्या चक्रात कोरे कागद होते. दिशा, अंतर, वाटेतली गावं, सगळं त्यात टिपून ठेवलं जाई. जप चालू असलेल्या माणसाला मध्येच कोणी हटकत नाही, हाही त्यातला हिशेब.

उंची मोजायला थर्मामीटर होता, तो काठीत लपवलेला. हे मुलांना फार आवडतं. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. समुद्राकाठी मुंबईत पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, महाबळेश्वरला त्याच्यापेक्षा चार-साडेचार अंश आधी, तर ल्हासामध्ये साधारण ८८ अंशांनाच. म्हणजे चहाचं आधण ठेवायचं, उकळी फुटली की तापमान बघायचं, त्यावरून उंची काढायची. उंच डोंगरावर डाळ लवकर का शिजत नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं.

अक्षांश काढण्यासाठी सेक्स्टंट नावाचं उपकरण होतं. ते पेटीच्या चोरकप्प्यात बसवलं होतं. ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची असते, पण डोंगरांत सपाट क्षितिज दिसणार कुठून? म्हणून पारा वापरायचा. वाडग्यात ओतलेला पारा आरशासारखा अगदी सपाट राहतो, त्यात ताऱ्याचं प्रतिबिंब बघून कोन मोजता येतो. हा पारा कवड्यांमध्ये भरून नेला होता. (पारा विषारी असतो. वर्गात हा प्रयोग पाण्याच्या ताटलीवर दाखवावा, पाऱ्यावर नको.)

गुप्तता म्हणून कागदोपत्री नैनसिंग यांचं नाव लिहीत नसत. त्यांचा उल्लेख फक्त पंडित असा होई. आपल्याकडे पूर्वी शाळामास्तराला पंतोजी म्हणत, तसं तिकडे पंडित. म्हणजे त्यांचं टोपणनाव त्यांच्या नोकरीवरूनच पडलं.

थांबा २ (आकडा वाचणे) : आता वही काढायची. माळेत १०८ मणी तसेच ठेवले असते तर एका फेऱ्यात किती पावलं झाली असती? मग मैल काढताना काय अडचण आली असती? १०० मणीच का ठेवले, हे मुलांनी स्वतः सांगायचं. आपण सांगायचं नाही.

नाक्यावरची झडती

जानेवारी १८६५ मध्ये दोघे भाऊ देहरादूनहून निघाले. कुमाऊंमधून सरळ तिबेटात जाता आलं नाही, म्हणून नेपाळचा रस्ता धरला. मार्चमध्ये काठमांडू. तिथून पुढे सरहद्दीवरच्या किरोंगच्या नाक्यावर त्यांना अडवलं. सामान तपासलं गेलं. चोरकप्पे कोणाच्या लक्षात आले नाहीत, पण अधिकाऱ्यांना हे प्रवासी काही पटले नाहीत. दोघांना परत पाठवलं.

मणिसिंग यांनी पुढे वेगळा मार्ग घेतला आणि नेपाळच्या पश्चिम भागाची पाहणी करून ते माघारी गेले. नैनसिंग पुन्हा काठमांडूला आले. वेश बदलला आणि व्यापाऱ्यांच्या सोबतीने परत निघाले. या खेपेला आत शिरता आलं, पण एक अट होती. ल्हासाला जाणार नाही, गेलो तर जीव जाईल, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. कागदावर सही करून ज्या गावाला जायचं नाही म्हणून कबूल केलं, त्याच गावाकडे त्यांची पावलं पडत होती.

त्सांगपोच्या काठाकाठाने, लडाखी व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर ते ऑक्टोबर १८६५ च्या शेवटी शिगात्सेला पोहोचले. तिथल्या मोठ्या मठात काफिल्यातल्या लोकांबरोबर त्यांनाही पंचेन लामांच्या दर्शनाला जावं लागलं. लामा मनातलं ओळखतात, अशी श्रद्धा. आपल्या मनात काय आहे ते नैनसिंग यांना माहीत होतं, त्यामुळे पाय जड झाले होते. समोर बघतात तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मिलमच्या शाळेत त्यांनी ज्या वयाची मुलं शिकवली होती, त्याच वयाचा. मुलाने नेहमीचे कुशल प्रश्न विचारले, आशीर्वाद दिला, आणि दर्शन संपलं.

जवळचे पैसे संपत आले होते. मग जुना धंदा कामाला आला. नेपाळी दुकानदारांना हिशेब लिहायची आपल्याकडची पद्धत शिकवून नैनसिंग यांनी पोट भरलं. हेर म्हणून गेलेला माणूस शिकवणी घेऊन जगला!

ल्हासाचे शंभर दिवस

१० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासाला पोहोचले आणि २१ एप्रिलपर्यंत तिथे राहिले. रात्री ताऱ्यांची मापं, दिवसा उकळत्या पाण्याची. शहर केवढं, मठ किती, बाजारात काय येतं, कुठून येतं, थंडी किती पडते, सगळ्याच्या नोंदी. दलाई लामांचंही दर्शन झालं, आणि तेही त्या वेळी लहान मुलगाच होते.

धोका मात्र रोजचा होता. दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांना ओळखलं. ते वाच्यता करू शकत होते. त्यांनी तसं केलं नाही. उलट नैनसिंग यांचं घड्याळ ठेवून घेऊन पैसे दिले. मग एक दिवस, परवानगीशिवाय शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला नैनसिंग यांनी पाहिला. आणि ज्याच्यासमोर ल्हासाला न जाण्याचं लिहून दिलं होतं, तो किरोंगचा अधिकारीच एकदा शहरात नजरेस पडला. तेव्हापासून त्यांनी बाहेर पडणं जवळपास बंद केलं आणि राहण्याची जागाही बदलली. लडाखी काफिला परत निघाला तेव्हा त्यांच्याबरोबर तेही निघाले. मानसरोवराच्या वाटेने सरहद्द ओलांडून ऑक्टोबर १८६६ च्या अखेरीस ते देहरादूनला पोहोचले.

सुमारे १२०० मैलांची वाट, जवळपास २५ लाख पावलं. ल्हासाचे अक्षांश आणि उंची पहिल्यांदाच मोजून सांगितली गेली. त्सांगपोचा शेकडो मैलांचा प्रवाह नकाशावर आला.

थांबा ३ (अनुमान) : २५ लाख पावलं म्हणजे शंभर मण्यांच्या माळेचे किती फेरे? (उत्तर २५०.) मग खरा प्रश्न. वाटेत एखाद्या दिवशी कंटाळा आला आणि शंभर पावलं न मोजता अंदाजाने मणी सरकवला असता, तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. तरी त्यांनी तसं केलं नसावं, हे आपण कशावरून म्हणतो? (पुढच्या मोजण्यांशी त्यांची मापं जुळली, तिथपर्यंत मुलांना न्यावं.)

पुढच्या वाटा

१८६७ मध्ये नैनसिंग पुन्हा निघाले, या वेळी पश्चिम तिबेटातल्या ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींकडे. अतिशय उंच, अतिशय थंड आणि वाऱ्याची जागा. तिथले कामगार तंबूही खड्ड्यात ठोकून राहत.

सगळ्यात लांबचा आणि शेवटचा प्रवास १८७४ चा. जुलैमध्ये लेहहून निघून, तिबेटच्या उत्तर पठारावरून, पूर्वी कोणी न मोजलेल्या सरोवरांच्या रांगेजवळून ते नोव्हेंबरमध्ये ल्हासाला पोहोचले. सामान मेंढ्यांच्या पाठीवर होतं, अगदी मिलमच्या व्यापाऱ्यांच्या रीतीने. ल्हासात ओळखले जाण्याची भीती वाटल्याने दोनच दिवसांत त्यांनी शहर सोडलं. डिसेंबरच्या शेवटी तवांग. तिथे अडकून पडावं लागलं, आणि मार्च १८७५ मध्ये ते आसामात उतरले. लेह ते आसाम! नकाशावर मुलांना हे अंतर दोरा लावून मोजायला सांगा.

या प्रवासाने त्यांची तब्येत खालावली. पण बसून राहिले नाहीत. सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या नव्या लोकांना त्यांनी मोजणी शिकवली. अक्षांश कसे काढायचे यावर 'अक्षांश दर्पण' हे पुस्तक हिंदीत लिहिलं. म्हणजे शेवट पुन्हा शिकवण्यातच झाला.

नाव कधी कळलं

ल्हासाच्या प्रवासाचा अहवाल छापून आला तेव्हा त्यात नैनसिंग हे नाव नव्हतं, फक्त पंडित होता. काम चालू असेपर्यंत ते बरोबरच होतं, नाव फुटलं असतं तर जीव गेला असता. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६८ मध्ये त्यांना सोन्याचं घड्याळ दिलं आणि १८७७ मध्ये सुवर्णपदक. हिंदुस्थान सरकारने सी.आय.ई. किताब आणि जमीन दिली. भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं ते २००४ मध्ये. तरीही आज एव्हरेस्ट हे नाव आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं आणि नैनसिंग हे नाव क्वचितच एखाद्याला.

मिलमची गोष्टही सांगून टाकावी. १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धानंतर तिबेटचा व्यापार थांबला आणि हळूहळू गाव ओस पडलं.

थांबा ४ (मत मांडणे) : नैनसिंग यांनी वेश खोटा घेतला, लिहून दिलेलं मोडलं, जपाची माळ मोजणीसाठी वापरली. पण वहीत एकही नोंद खोटी केली नाही. मग त्यांना खरं म्हणायचं की खोटं? आणि तिबेटातल्या माणसाच्या बाजूने ही गोष्ट सांगितली तर ती कशी होईल?

या प्रश्नाचं एक उत्तर देऊ नका. माझ्या वर्गात यावर सरळ दोन गट पडले. एका मुलीचं म्हणणं होतं की किरोंगच्या अधिकाऱ्याला फसवलं हे चूकच, आणि त्या काश्मिरी व्यापाऱ्यांनी गुपित राखलं हे जास्त मोठं काम. मी हा धडा आधी तीनदा वाचला होता, तरी त्या व्यापाऱ्यांकडे माझं इतकं लक्ष गेलं नव्हतं.

मैदानावरचा उपक्रम

साहित्य : दोरी, मोजपट्टी, प्रत्येकी १० चिंचोके.

१. प्रत्येकाने दहा पावलं चालायची, अंतर मोजायचं, आपल्या एका पावलाची सरासरी काढायची.
२. शाळेच्या फाटकापासून आपल्या घरापर्यंत न बोलता चालायचं. दर १०० पावलांना एक चिंचोका या खिशातून त्या खिशात टाकायचा. दहा संपले की पुन्हा सुरुवात, आणि झालेल्या फेऱ्यांची वहीत खूण.
३. पावलं गुणिले पावलाचं माप, म्हणजे अंतर. दुसऱ्या दिवशी उलट वाटेने पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे लिहायचे, जुळले नाहीत तरी.
४. वाटेतली पाच ठिकाणं (विहीर, दुकान, वळण, झाड, देऊळ) पावलांच्या आकड्यासह मांडून नकाशा काढायचा.

पालकांना विनंती की तिसऱ्या पायरीत मुलांना मदत करू नका. आकडे जुळवून देण्याचा मोह होतो. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी बहुतेकांचे आकडे जुळले नाहीत. काहींनी चक्क दुसरा आकडा पहिल्यासारखा करून आणला, ते लगेच ओळखू येतं. मी कोणाला रागावले नाही, फक्त पुन्हा चालायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी एक मुलगा, जो वाचताना बोट ठेवून एकेक शब्द उच्चारतो आणि सगळ्यात मागे राहतो, त्याचे दोन्ही आकडे फक्त सहा पावलांनी वेगळे होते. वर्गात सगळ्यात कमी फरक त्याचा. त्याने वही पुढे केली आणि अंतर, दिशा, ठिकाणं असं सगळं स्वतःहून मोठ्याने वाचून दाखवलं. एकही आकडा गाळला नाही.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काढलेले नकाशे जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच वाचायला देता येतील.